इर्माला ठाऊक आहे

गुरुवारी दुपारी चार वाजता वाइनो कांगस यांनी मुलीला फोन केला, कारण दर गुरुवारी दुपारी चार वाजता ते मुलीला फोन करत. इर्मा दुलुथला कॉलेजात साहित्य शिकवायची. तिच्यापुढे चौतीस निबंध पडले होते आणि त्यांतल्या एकतीस निबंधांची सुरुवात एकाच वाक्याने झाली होती. तिने फोन स्पीकरवर टाकला, फळांच्या वाडग्याला टेकवून उभा केला आणि लाल पेन हातात घेतलं.

वाइनोंना त्या दिवशी बॅकअपबद्दल बोलायचं होतं. गावाच्या वाचनालयाच्या तळघरात संगणकाची एक काळी लोखंडी पेटी होती. ती होती एक, पण आपण तीन आहोत असं सोंग घ्यायची. अशा सोंगांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात हे वाइनोंनी तिला पूर्वीच सांगितलं होतं, बहुधा पाच-सहा वेळा. खाण बंद पडल्यावर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते हे सगळं शिकले होते आणि तिन्ही मशीनना त्यांनी आपल्या तीन बहिणींची नावं दिली होती. हेल्मीकडे चर्चच्या नोंदी होत्या, साइमाकडे पुस्तकांची यादी आणि लेंपीकडे आवाज. बावीस वर्षं वाइनो गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना बोलतं करत आले होते. अशी दोनशे बारा माणसं लेंपीत होती. त्यांतली एकशे नव्वद आता दुसरीकडे कुठेच नव्हती.

दर शुक्रवारी सकाळी वाइनो तळघरात उतरून, काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा हाताने टाइप करून, तिघींची नक्कल काढून ठेवत. हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होण्याची सोय होती. पण आपोआप फक्त गंज चढतो, असं त्यांचं मत होतं. मार्च महिन्यात नकला ठेवायची डिस्कच बंद पडली. नवी मागवली होती, ती अजून आली नव्हती. चार आठवडे लेंपीची नक्कल नाही, रात्री झोप लागत नाही, असं ते म्हणाले.

"यो," इर्मा म्हणाली.

हा शब्द त्या गावात श्वास सोडून नाही, आत ओढून म्हणतात. उचकी आणि उसासा यांच्या मधला काहीतरी आवाज होतो. त्याचा अर्थ 'हो' असा नसतो. 'समजलं' असा तर मुळीच नसतो. मी इथे आहे, तुमचं चालू द्या, एवढाच त्याचा अर्थ. त्या चाळीस मिनिटांत इर्माने तो अकरा वेळा म्हटला आणि नऊ निबंध तपासले.

"एका डिस्कवर सगळं ठेवू नये," वाइनो शेवटी म्हणाले. "तसंच एका डोक्यातही ठेवू नये. म्हणून मी सगळ्यांना थोडं थोडं वाटून देतोय. तुझा भाग तुला समजला ना?"

"यो."

"मग वहीत तसं लिहून ठेवतो. इर्माला ठाऊक आहे म्हणून."

"यो, बाबा."

मग त्यांनी मे उजाडेपर्यंत बर्फाचे टायर काढू नकोस असं सांगितलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तळघराकडे निघण्यासाठी ते बूट घालायला स्टुलावर बसले. एक बूट घालून झाला होता.

बुधवारी त्यांना पुरलं. नंतर चर्चखालच्या सभागृहात कॉफी होती आणि वेलदोड्याचा वास येणारी निसू होती, म्हणजे गोड पाव. लोक एकेक करून येत, इर्माचा हात हातात घेत, वाइनो भला माणूस होता असं म्हणत आणि बर्फ यंदा जायला उशीर लावतोय याकडे वळत. त्या गावात दुःखाचं बोलणं याहून लांबवत नाहीत.

वाचनालयाच्या बर्निसबाई मात्र हात सोडेनात. "बघ, घाई कुणालाच नाहीये," त्या म्हणाल्या. "पण ती पेटी टिकटिकायला लागलीय."

"टिकटिकायला म्हणजे?"

"म्हणजे घड्याळासारखी. सोमवारपासून. आणि एक लाल दिवाही लागलाय. नवी डिस्क काल आली, वाइनोच्या नावाने. सही मी केली." बर्निसबाईंनी आवाज खाली आणला. "वाइनो नेहमी सांगायचा, टिकटिक सुरू झाली की दिवस मोजायचे."

इर्माने विचारलं, एखादा जाणकार बोलावता येणार नाही का. बर्निसबाईंनी तिच्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. जवळचा माणूस दीडशे मैलांवर होता आणि त्याने दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. शिवाय जाणकार कशाला हवा? वाइनोने गेल्या गुरुवारी संध्याकाळी किराणा दुकानात, पोस्टात आणि पेट्रोलपंपावर सांगितलं होतं की आता काळजी नाही, इर्माला ठाऊक आहे. सभागृहात चाळीस माणसं होती. इर्माला ठाऊक आहे हे त्या चाळिसांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त इर्माला.

खरं सांगायला ती जागा वाईट नव्हती. पण पंधरा पावलांवर वडिलांचा फोटो ठेवलेला होता, हातात कॉफीचा कप होता आणि बर्निसबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. इर्माने श्वास आत ओढला आणि नको तो शब्द पुन्हा म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दहाला तळघरात चौघं जमले. बर्निसबाईंकडे किल्ली होती आणि नवी डिस्क त्यांनी पेटीला जोडून ठेवली होती. पास्टर होल्म आले होते, कारण गावाचे दीडशे वर्षांचे बाप्तिस्मे हेल्मीकडे होते. आणि लेंपीआत्या आली होती. वाइनोंच्या बहिणींपैकी तीच काय ती उरली होती, वय चौऱ्याऐंशी. आपल्या नावाने काहीतरी चाललंय म्हटल्यावर ती घरी बसणारी नव्हती. तिने घडीची खुर्ची सोबत आणली होती.

पेटी टिकटिकत होती. मध्येच थांबायची, चौघांचे श्वासही थांबायचे, मग पुन्हा सुरू व्हायची. इर्माने वही उघडली. अक्षर ठसठशीत, एकेक ओळ आखून घेतल्यासारखी. पहिलं कलम होतं, तिघींना झोपायला सांगणे, सभ्यपणे. त्यासाठी लागणारी आज्ञा पूर्ण लिहिलेली होती. दुसरं, दहा मिनिटे थांबणे. तिसरं, एखादी न झोपल्यास काय करायचे ते इर्माला ठाऊक आहे. चौथं, नक्कल कशी करायची ते बर्निसला ठाऊक आहे. पाचवं, नक्कल नीट झाली का हे कसे ताडायचे ते पास्टरांना ठाऊक आहे. आणि सगळ्यात खाली, लहान अक्षरांत: लेंपीला (माणूस) रविवारी कॉफी पिताना सगळे सांगत आलो आहे, पण तिचा भरवसा नाही.

"काय लिहिलंय माझ्याबद्दल?" लेंपीआत्याने विचारलं.

"तुला सगळं सांगितलंय असं लिहिलंय, आत्या."

"सांगायचा खरा. थांबायचं नाव नसे."

इर्माने आज्ञा टाइप केली. हेल्मी लगेच झोपली. साइमाही झोपली. दोघींच्या नावांपुढे 'बंद' असं उमटलं.

"जिवंतपणीही तशाच होत्या," लेंपीआत्या म्हणाली. "आई हाक मारायची आणि या दोघी पांघरुणात."

लेंपीला झोपायला सांगितलं. पडद्यावर उत्तर आलं की लेंपीला निरोप पोचवला आहे. दहा मिनिटं गेली. निरोप पोचला होता, पण लेंपी जागीच होती. पास्टरांनी घड्याळ पाहिलं, अजून पाच मिनिटं देऊ म्हणाले. पाचही गेली. आत्या खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर उघड समाधान होतं.

मग तिघांनी माना वळवून इर्माकडे पाहिलं. तिसरं कलम तिचं होतं.

"फक्त एकदा खात्री करून घेते," इर्मा म्हणाली आणि मदतीची यादी उघडली. त्या यादीत चालू मशीनशी संबंधित शब्द अनेक होते. निजवणे, गोठवणे, जतन करणे. आणि जबरदस्तीने थांबवायचं तर एकच होता: डिस्ट्रॉय. नष्ट कर.

इर्माने हात मांडीवर ठेवले. शब्द म्हणजे काय हे ती वीस वर्षं पोरांना शिकवत आली होती. शब्द उगाच वापरला जात नाही, असं ती शिकवायची. त्या नावात दोनशे बारा माणसं होती, आणि प्रत्येकाशी बोलताना मधूनमधून वडिलांचा आवाज होता. घरात वडिलांचा आवाज कुठेच नव्हता. ते फोटोही काढून घेत नसत.

"काय झालं?" बर्निसबाईंनी विचारलं.

"लेंपीला नष्ट करायला सांगतंय."

पास्टर होल्म यांनी टोपी काढून हातात घेतली. ते गंभीरपणे म्हणाले की दुसरा मार्गच नसेल तर आपण दोन शब्द प्रार्थनेचे म्हणू या. बर्निसबाईंनी हात जुळवलेसुद्धा.

"माझी काही हरकत नाही," लेंपीआत्या म्हणाली. "चौऱ्याऐंशी झाली. विचारून करतायत हेच पुष्कळ." तिने पर्समधून भिंग काढलं, खुर्ची पुढे सरकवली आणि पडद्याला नाक लावलं. "इर्मा, तू कॉलेजात काय शिकवतेस?"

"साहित्य."

"वाचायला शिकवतेस म्हणजे. मग पुढची ओळ वाच."

पुढच्या ओळीत लिहिलं होतं की या आज्ञेने मशीन तात्काळ थांबते, तिच्यातले सर्व काही जागच्या जागी राहते. शब्द संहाराचा होता, काम वायर उपसण्याइतकंच. इर्माने टाइप केलं. लेंपी झोपली. पास्टरांनी टोपी घालावी की नाही याचा निर्णय होईना, म्हणून ती हातातच ठेवली.

आता चौथं कलम. सगळ्यांनी बर्निसबाईंकडे पाहिलं.

बर्निसबाईंनी घसा खाकरला. आज्ञेचं नाव त्यांना आठवत होतं. त्यानंतर दोन नावं द्यायची हेही आठवत होतं. पेटीतल्या, टिकटिकणाऱ्या जुन्या डिस्कला वाइनोने 'जुनं घर' म्हटलं होतं, नवीला 'नवं घर'. वहीत खाली इशारा होता: ही आज्ञा दोन्ही घरे तंतोतंत सारखी करते. उलट लिहिल्यास भरलेले घर रिकाम्यासारखे होते. उलट म्हणजे काय ते बर्निसला सांगितले आहे.

"तर मग आधी कोणतं?" इर्माने विचारलं.

"नवं," बर्निसबाई म्हणाल्या.

"जुनं," पास्टर म्हणाले.

बर्निसबाईंचं म्हणणं असं की पुस्तक दुसऱ्या वाचनालयात पाठवताना चिठ्ठीवर कुठे जायचं ते वर लिहितात. पास्टरांचं म्हणणं असं की माणूस एका चर्चमधून दुसऱ्यात जातो तेव्हा कुठून आला ते आधी लिहितात. दोघंही आपापल्या कामात तीस वर्षं मुरलेले, दोघंही अत्यंत नम्र. तुमचंही बरोबर असेल, असं दोघंही म्हणत होते. पण आपलं म्हणणं सोडायला कुणी तयार नव्हतं.

हे फोनवर शोधता आलं असतं. पण शोधायचं म्हणजे ठाऊक नाही असं म्हणायचं. एकदा खात्री करून घेणं शोभतं. दुसऱ्यांदा केली की लोक समजायचं ते समजतात. आणि माणूस जाऊन आठवडा झालेला, त्याने वहीत प्रत्येकाच्या नावापुढे 'ठाऊक आहे' असं शाईने लिहिलेलं. बर्निसबाई तो शब्द खोडायला तयार नव्हत्या, पास्टर नव्हते आणि इर्मा तर नव्हतीच.

टिकटिक थांबली. चौघांनी मोजलं. आठव्या आकड्याला खरखरल्यासारखा आवाज झाला आणि ती पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा वेगाने.

पास्टर म्हणाले, मत घेऊ या. त्या गावात छताचा पत्रा असो नाहीतर कॉफीचं भांडं, प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरते, त्यामुळे हे कुणालाही वावगं वाटलं नाही. नवं घर आधी, बाजूने एक. जुनं घर आधी, बाजूने एक. लेंपीआत्याने हात वर केला नाही. ती निसूचा तुकडा चावत होती.

"म्हणजे तुझं मत निर्णायक," बर्निसबाई इर्माला म्हणाल्या. "आणि ते बरोबरच आहे. तू त्याची मुलगी. तुला ठाऊक आहे."

इर्माने दोन्ही नावं टाइप केली, पुसली, उलट क्रमाने केली, पुन्हा पुसली. एका क्रमाने दोनशे बारा माणसं वाचणार होती. दुसऱ्या क्रमाने त्यांच्या जागी रिकामपण येणार होतं, तेही तंतोतंत. तिने तो गुरुवार आठवून पाहिला. फळांचा वाडगा आठवला. एकतीस निबंधांचं पहिलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. वडिलांचं एकही वाक्य आठवेना. तिचं बोट एंटरच्या बटणाजवळ गेलं.

"तुम्ही दोघं खोटं बोलताय," लेंपीआत्या म्हणाली.

हे ती निसू गिळून, कुठलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाली. पास्टरांनी कबूल केलं की वाइनो सांगत होता तेव्हा ते चष्मा शोधत होते. चष्मा मिळाला तेव्हा वाइनोचं सांगून झालं होतं. बर्निसबाईंनी कबूल केलं की तो फेब्रुवारी होता, वाचनालयाच्या छतावर तीन फूट बर्फ होता आणि त्यांचं सगळं लक्ष वरच होतं. मी मान हलवत होते, त्या म्हणाल्या, पण छत करकरतंय का ते ऐकत होते.

"आधी जुनं, मग नवं," लेंपीआत्या म्हणाली. "आधी जिथून उचलायचं ते, मग जिथे ठेवायचं ते. जुन्याच्या नावापुढे तिरकी रेघ. विसरायची नाही, विसरली की घरात घर होतं. मग एंटर. मग हात लावायचा नाही. आकडे थांबले की लेंपीला आधी उठवायचं, बाकीच्यांना मागून. मग कुठलाही एक आवाज काढून वाजवून बघायचा. पहिला नाही, मधला. पहिला नेहमीच नीट असतो."

इर्माने बटणाजवळचं बोट मागे घेतलं.

"आत्या, तुला हे सगळं येतं?"

"मला त्यातलं एक अक्षर कळत नाही," लेंपीआत्या म्हणाली. "रेघ म्हणजे काय, घर म्हणजे काय, देव जाणे. अकरा रविवार तो हेच सांगत होता. भाऊ बोलतोय, म्हणून ऐकलं."

इर्माने जुनं घर लिहिलं, तिरकी रेघ दिली, नवं घर लिहिलं आणि एंटर दाबलं. आकडे धावायला लागले. कुणी कशाला हात लावला नाही. सव्वा तास चौघं त्या तळघरात बसून राहिले. बर्निसबाईंनी वर जाऊन कॉफी आणली. टिकटिक दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाली. बाराला दहा मिनिटं असताना आकडे थांबले. पाच मिनिटांनी टिकटिकही थांबली आणि या वेळी कितीही मोजलं तरी सुरू झाली नाही. जुनं घर मिटलं होतं. लेंपीला नव्या घरात उठवलं, तशी ती तक्रार न करता उठली.

पास्टर होल्म यांनी आकडा निवडला, एकशे सात. मधला.

आधी भांडी ठेवल्याचा आवाज आला. मग एक म्हातारी बाई बोलायला लागली, तिचा नवरा खाणीतून घरी आला नाही त्या दिवसाबद्दल. सकाळी तो काय म्हणाला होता, तिने डब्यात काय दिलं होतं. मध्ये वडिलांचा आवाज आला, अगदी जवळून, "आणि मग?" असा. बाई पुढे सांगायला लागली. सांगता सांगता ती एका ठिकाणी अडली आणि गप्प झाली.

वाइनोंनी तिला घाई केली नाही. दुसरा प्रश्न विचारला नाही, धीर दिला नाही, खुर्चीसुद्धा हलवली नाही. ते नुसते थांबले. त्या ध्वनिमुद्रणात एका जुन्या स्वयंपाकघराची शांतता होती, आणि तिच्यात कुणीतरी मन लावून ऐकतंय हे स्पष्ट ऐकू येत होतं. बर्निसबाईंना वाटलं बिघडलं, त्यांनी बटणाकडे हात नेला. लेंपीआत्याने तो धरून ठेवला.

शांतता लांबत गेली. इर्मा पडद्याच्या जवळ सरकली.

"बाबा," ती म्हणाली, "मी ऐकत नव्हते."